जुनी गाडी केव्हा जुनी होते?

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला जे येरमाळ्याला आले असतील, त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच ध्यानात येईल. दुसऱ्या दिवशी येडेश्वरीची पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते, चुन्याचे खडे वेचायला माणसांचा पूर शिवारात उतरतो, आणि त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना, रानात, बांधावर, झाडाखाली, जिकडे पाहावे तिकडे मोटारसायकली उभ्या असतात. आमच्या लहानपणी याच रानात बैलगाड्या सुटलेल्या असत. तेव्हा जाणता माणूस दुसऱ्याच्या बैलापाशी थबके, त्याचा जबडा उघडून दात पाही आणि सांगे, हा आदत, हा चारदाती, हा जुळलेला. बैलाचे वय लपत नसे. मोटारसायकलीला दात नाहीत. तिचे वय काढायचे कसे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. आणि म्हणूनच चालती गाडी देऊन नवी घ्यावी की न घ्यावी, या साध्या प्रश्नावर शहाणीसुरती माणसे फसताना आम्ही पाहतो.

ऊसतोडणी कामगार आणि आडत बाजारातले हमाल यांच्या संघटनेचे काम करताना आम्हांला गावोगाव हिंडावे लागते. संघटनेची एक १०० सीसीची मोटारसायकल आहे. २०१२ साली सभासदांच्या वर्गणीतून घेतलेली. गेल्या वर्षी बैठकीत एका तरुण सभासदाने विषय काढला, "अण्णा, ही गाडी आता बास करा. लोक हसतात. एकेका दिवसाची मजुरी काढू, नवीन मॉडेल घेऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटे कशाला बोला, आमचेही मन हलले. त्याच आठवड्यात बार्शीला कामाला गेलो असता एका शोरूममध्ये शिरून आम्ही नव्या गाडीवर बसूनही आलो. पण वर्गणीचा पैसा हा आपला नसतो. म्हणून आम्ही महिनाभराची मुदत मागितली आणि वही घेऊन बसलो. त्या वहीतून जे निघाले ते येथे मांडतो.

प्रथम हे लक्षात घ्यावे, की हा प्रश्नच मुळी नवा आहे. एक काळ असा होता की चेतक स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. १९७२ साली आलेली लुना, दूधवाल्यांची राजदूत, एखाद्या बागायतदाराची बुलेट किंवा येझदी, एवढाच काय तो पसारा. ज्याला गाडी मिळाली तो ती मोडेपर्यंत वापरी, आणि मोडली की दुरुस्त करी. 'मॉडेल बदलले' हे शब्दच कानावर नव्हते. १९८५ च्या सुमारास जपानी तंत्राच्या १०० सीसीच्या गाड्या आल्या. त्यांतली चार-स्ट्रोक हिरो होंडा पेट्रोलच्या बाबतीत इतकी निराळी निघाली, की राजदूत विकून ती घेणाऱ्याला हिशेब मांडावाच लागला नाही. तो बदल खरा होता. पुढे चटक लागली ती या पहिल्या खऱ्या बदलाची. आता दर वर्षी टाकीवरची पट्टी बदलते, रंग बदलतो, मीटरमध्ये आकडे चमकू लागतात, आणि आपण प्रत्येक वेळी १९८५ साल पुन्हा आले असे समजतो.

आमच्या मते गाडी तीन प्रकारांनी म्हातारी होते. एक वापराने, दुसरी कायद्याने आणि तिसरी डोळ्यांनी. हे तिन्ही प्रकार माणसाच्या मनात एकमेकांत मिसळलेले असतात, आणि विकणाऱ्याचे सगळे कसब ते मिसळलेले ठेवण्यात असते.

वापराचे वय मेस्त्री सांगतो. चेन आणि तिची चक्रे झिजतात, क्लच प्लेटा जातात, ब्रेकचे लायनर संपतात, पिस्टनच्या कड्या झिजून सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. हा निळा धूर म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण. पण यांतले काहीही मरण नव्हे. हे बैलाच्या पायाची पत्री झिजण्यासारखे आहे. आमच्या गाडीचे इंजिन खोलले, बोअर केले, पिस्टन बदलला, तेव्हा सात हजार रुपयांच्या आत काम झाले. वापराने गाडी खरी म्हातारी होते ती सांगाडा, म्हणजे चॅसी, गंजून किंवा तडकून गेली तर. किंवा भाग मिळेनासे झाले तर. ज्या गाड्या लाखोंनी खपल्या त्यांचे भाग येरमाळ्याच्या फाट्यावरही मिळतात. थोड्या खपलेल्या ऐटबाज गाडीचा एक भाग पुण्याहून मागवावा लागतो, आणि तोवर गाडी छपरात. म्हणून नवी घेतानाही शेजारच्या गॅरेजात कोणत्या गाड्या उघडून पडल्या आहेत ते आधी पाहावे. त्या वारंवार बिघडतात असा त्याचा अर्थ नसून त्या दुरुस्त होतात, असा आहे.

कायद्याचे वय जरा समजून घेतले पाहिजे, कारण येथे अफवा फार. धुराचे नियम आपल्याकडे 'भारत स्टेज' या नावाने येतात. २०१७ च्या मार्चमध्ये काय झाले ते पुष्कळांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला निकाल दिला, की १ एप्रिलपासून बीएस-३ च्या गाड्या विकता येणार नाहीत. दोन दिवस शोरूमपुढे यात्रा भरली. हजारोंच्या सवलती जाहीर झाल्या. ३१ मार्चच्या संध्याकाळी जी गाडी नवी होती ती दुसऱ्या सकाळी 'जुनी' ठरली. तिच्या इंजिनात मात्र रात्रीतून काहीच बदलले नव्हते. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. हे नियम कारखानदाराच्या विक्रीला लागतात. ज्याची गाडी आधीच रीतसर नोंदलेली आहे, त्याची गाडी त्या दिवशी बाद झाली असे नव्हे. "अण्णा, बीएस-३ बंद झाली म्हणे, आता पोलीस धरतील," असे म्हणत आमच्याकडे माणसे आली होती. त्यांपैकी एकाने भीतीपोटी गाडी मातीमोलाने विकलीही.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घेता येते. शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तेव्हा पंधरावे वर्ष हा निर्णयाचा खरा मुहूर्त. बारा-तेरा वर्षांच्या गाडीवर मोठा खर्च करण्यापूर्वी आर. सी. वरची तारीख पाहावी.

आता नव्या गाडीत खरोखर नवे काय, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारण आम्ही जुन्याचे वकीलपत्र घेतलेले नाही.

पहिली गोष्ट इंधनाची. जुन्या गाडीत कार्बोरेटर असतो. हवेच्या ओढीने पेट्रोल आपोआप चढते आणि हवेत मिसळते. थंडीत चोक ओढा, कचरा बसला तर उघडून फुंका. बीएस-६ च्या गाड्यांत आता विजेवर चालणारे यंत्र मोजून पेट्रोल फवारते. किती फवारायचे हे एक छोटी पेटी ठरवते, आणि त्यासाठी तिला धुरातील प्राणवायूची खबर देणारा एक सेन्सर असतो. त्यामुळे गाडी थंडीत झटकन चालू होते, पेट्रोल थोडे वाचते, धूर स्वच्छ होतो. उलट बाजू अशी, की बॅटरी अगदीच बसली तर किक मारून भागेलच असे नाही. आणि बिघाड कळायला मेस्त्रीजवळ तपासणीचे यंत्र असावे लागते. आमच्या फाट्यावरचा मेस्त्री म्हणतो, "पूर्वी कानाला गाडी कळायची, आता मोबाइलला कळते." त्याने ते यंत्र घेतले आहे, शेजारच्या गावच्याने घेतलेले नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती आम्ही सर्वांत मोठी मानतो. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोड-ब्रेक सक्तीचा झाला. पाय दाबला की मागच्याबरोबर पुढचाही ब्रेक काही अंशी लागतो. आपल्याकडे पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो, ही समजूत घट्ट. म्हणून निम्मे लोक नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी चालवतात आणि ती फरफटत जाऊन आदळते. १२५ सीसीच्या वर चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा असते. २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांचा दिवाही इंजिन चालू होताच आपोआप लागतो. धुळे-सोलापूर महामार्गावर गळिताच्या दिवसांत ज्याने रात्री गाडी चालवली आहे, त्याला दिवा आणि ब्रेक म्हणजे काय ते सांगायला नको. दोन ट्रॉल्या उसाने भरलेल्या, मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी, आणि अंधारात तो काळा डोंगर एकाएकी पुढे उभा राहतो. आम्ही एकदा कसेबसे वाचलो आहोत. ब्रेकचे लायनर बदलता येते. जोड-ब्रेक मात्र जुन्या गाडीला बसवून मिळत नाही. वहीच्या नव्याच्या बाजूला आम्ही हे ठळक लिहिले.

तिसरी गोष्ट इथेनॉलची. येथे आमचा धंदाच आडवा येतो, कारण ज्या उसावर आमचे सभासद कोयता चालवतात त्याच्याच रसापासून आणि मळीपासून इथेनॉल होते आणि ते पुन्हा आपल्याच टाकीत येते. पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत मिसळण्याची सुरुवात २०२३ मध्ये झाली. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ताकद कमी असते, आणि ते पाणी धरून ठेवते. जुन्या दुचाकीचे अ‍ॅव्हरेज यामुळे तीन-चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिला होता. रबरी नळ्या, वॉशर यांकडे मात्र जुन्या गाडीत लक्ष ठेवावे लागते आणि महिनोन्‌महिने टाकी भरून गाडी उभी ठेवू नये. नळी दोन-चारशे रुपयांत येते. एवढ्यासाठी गाडी बदला असे कोणी सांगेल तर ऐकू नये.

राहिले डोळ्यांचे वय. त्याविषयी काय बोलावे? लग्न ठरायचे आहे, मेहुण्याकडे नवी आहे, पोरगा कॉलेजात लाजतो. ही कारणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. गरिबाला चांगले दिसण्याचा हक्क नाही असे आम्ही कधी म्हटलेले नाही. फक्त त्याची किंमत वेगळ्या रकान्यात मांडावी, पेट्रोलच्या बचतीत तिला लपवू नये.

आणि लपवतात ती येथेच. विक्रेता म्हणतो, "अ‍ॅव्हरेजमध्येच हप्ता निघतो." तर मग मांडू या. नव्या गाडीचे सगळे मिळून ८५,००० रुपये धरू. जुनीचे १५,००० आले, रोख १०,००० दिले, राहिले ६०,००० कर्ज. व्याज '१० टक्के, तीन वर्षे'. म्हणजे ६०,००० वर वर्षाला ६,००० प्रमाणे १८,०००. एकूण ७८,०००, महिना सुमारे २,१६७ रुपये. ऐकायला १० टक्के. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ६०,००० वरच चालू राहते. उरलेल्या मुद्दलावर व्याज मोजले तर हाच दर १८ टक्क्यांच्या जवळपास जातो. म्हणून दर विचारताना 'फ्लॅट की घटत्या शिलकीवर' हा एक प्रश्न विचारावा. विकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आता बचत. जुनी गाडी लिटरला ५० किलोमीटर देते, नवी ६५ देईल. दिवसाला ३० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर. जुनीला १८० लिटर, नवीला सुमारे १३८. वाचले ४२ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तरी साडेचार हजारांच्या आत. वर्षाचे व्याजच ६,०००! मुद्दलाची गोष्टच सोडा.

पण हाच हिशेब दिवसाला ८० किलोमीटर फिरणाऱ्याचा करा. वर्षाला २४,००० किलोमीटर झाले. वाचले सुमारे १११ लिटर, म्हणजे ११,६०० रुपये. तीन वर्षांत जवळजवळ ३५,०००. व्याज निघून वर काही मुद्दलही निघते. शिवाय रोज एवढे फिरणाऱ्याची जुनी गाडी वर्षातून चार वेळा गॅरेजात जाते, आणि तिच्या प्रत्येक खाड्याला त्याची कमाई बुडते. आमच्याच एका हमालाचा मुलगा वाड्या-वस्त्यांवरून दूध गोळा करून कळंबला घालतो. त्याला आम्ही स्वतः सांगितले, "बाळा, तू घे." एकाच आळीत राहणाऱ्या दोघांना दोन उत्तरे दिली म्हणून आमच्यावर पक्षपाताचा आरोपही झाला. पण किलोमीटर मोजल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

मजूर माणसाने रुपयांत मोजू नये, आपल्या कामात मोजावे. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर साडेतीनशेच्या वर गेला. एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, दिवसाला दीड ते दोन टन तोडते. ७८,००० रुपये म्हणजे दोनशे टनांहून जास्त ऊस. शंभराहून अधिक दिवस पहाटेच्या थंडीत दोघांनी वाकायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या. हल्ली हंगाम चार महिन्यांवरही चालत नाही.

एका जोडीची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. त्यांच्याकडे सात वर्षांची गाडी होती, धडधाकट. दिवाळीपूर्वी मुकादमाकडून उचल घेताना त्याने ३०,००० जास्त मागितले आणि नवी गाडी आणली. पावसाने ऊस कमी होता, हंगाम लवकर आटोपला, उचल फिटली नाही. बाकी पुढच्या वर्षावर गेली. आणि बाकी असलेला कोयता दुसऱ्या मुकादमाकडे जाऊ शकत नाही, चांगला दर मिळाला तरी नाही. त्या बाईला पुढच्या हंगामात सहावा महिना होता. गाडी घरी म्हातारीच्या छपरात झाकून ठेवलेली आणि ती कर्नाटकात फडात. नवरा आम्हांला म्हणाला, "अण्णा, गाडीचा हप्ता चुकला तर गाडी नेतात. उचल चुकली तर आम्हालाच नेतात." आम्ही मध्यस्थी करून तिला परत आणले, पण तिच्या वाट्याची मजुरी बाकीत मिळवली गेली.

जुनी देताना आणखी एक गोष्ट. गाडी दिली, पैसे घेतले, कोऱ्या फॉर्मवर सही केली आणि झाले, असे समजू नये. आर. टी. ओ. च्या दप्तरात नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी हे स्पष्ट केले. गाडी हातोहात चार जणांकडे गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ज्याच्या नावे नोंद होती त्याच्यावरच आली. तेव्हा फॉर्म २९ आणि ३० भरून, कर्ज असेल तर बोजा उतरवून, नव्या मालकाच्या नावाचे आर. सी. आपल्या डोळ्यांनी पाहावे. विम्यात दावा न केल्याबद्दल जी सूट साठते ती गाडीची नसून मालकाची असते; नव्या गाडीवर ती मागून घ्यावी. शोरूमवाला आपण होऊन आठवण करून देईल ही अपेक्षा नको. घाई तर बिलकूल नको. २२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आदल्या महिन्यात 'ऑफर संपते आहे' म्हणून धावलेले लोक नंतर कपाळाला हात लावून बसले.

असो. आमच्या गाडीचे काय झाले ते सांगायचे राहिले. आम्ही हंगामात दिवसाला ७० किलोमीटर फिरतो, एरवी वीसही नाही. वर्षाची सरासरी दूधवाल्याच्या खाली आणि बाजारकऱ्याच्या वर. वही दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी भरली. ब्रेकच्या रकान्यावर बैठकीत तासभर चर्चा झाली. शेवटी ठरले ते असे: दोन्ही टायर, लायनर, चेनचा संच, दिव्याची काच आणि वायरिंग नवे करायचे, खर्च ९,६०० रुपये आला. रात्रीचा दौरा बंद. उशीर झाला तर फडावर कोपीत मुक्काम. ज्या सभासदाने विषय काढला होता त्याला हे पटलेले नाही. "अण्णा, टायरने ब्रेक लागत नाही," असे तो अजून म्हणतो, आणि त्याचे म्हणणे आम्हांला खोडता आलेले नाही. म्हणून त्याच्याच हाती वर्गणीची एक वेगळी वही दिली आहे. दर महिन्याला सभासदामागे दहा रुपये, उधार नाही, उचलीतून नाही. गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२७ च्या जूनमध्ये भरतात. त्या महिन्यात बैठक ठेवली आहे, आणि त्या वहीत तोवर काय जमते त्यावर पुढचे ठरेल.